आईचा मेल्ड १७ आलाय : थांबायचं की प्रत्यारोपणाची तयारी करायची?

पत्रातून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. सातारा भागातल्या एका गृहस्थांच्या आईला, वय ५८, सिरॉसिस आहे, म्हणजे यकृत कडक होत चाललंय. दारूचा संबंध नाही. बारा वर्षांचा मधुमेह आणि फॅटी लिव्हर यांतून आलेला आजार. गेल्या चार महिन्यांत दोनदा पोटातलं पाणी काढावं लागलं. ताज्या रिपोर्टमध्ये बिलिरुबिन (कावीळ दाखवणारं) ३.०, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते) १.७, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारं) १.०, सोडियम १२८, अल्ब्युमिन (यकृतात बनणारं प्रथिन) २.६. यकृताचा आजार किती गंभीर झालाय ते सांगणारा आकडा म्हणजे मेल्ड. एका डॉक्टरांनी सांगितलं, ‘मेल्ड १७ आहे, अजून वेळ आहे.’ दुसऱ्यांनी सांगितलं, ‘घरात दाता असेल तर तपासण्या आत्ताच सुरू करा.’ मुलगा विचारतोय : हा आकडा आला कुठून, आणि ऐकायचं कोणाचं?

वीस-बावीस वर्षं मी यकृताच्या आजाराचे रुग्ण पाहतोय. उत्तर आधीच सांगून टाकतो, कारण अशा वेळी माणसाला प्रस्तावना नको असते. तयारी आत्ताच सुरू करा. ऑपरेशनची तारीख लगेच ठरवावी लागेल असं नाही, पण दात्याच्या तपासण्या, आईच्या तपासण्या, प्रत्यारोपण केंद्रात नाव घालणं हे सगळं याच महिन्यात व्हायला हवं. आता का ते सांगतो. त्यासाठी हा आकडा कोणत्या कामासाठी तयार झाला तिथपर्यंत मागे जावं लागेल. ते कळलं की पुढच्या वेळी रिपोर्ट हातात घेताना तुम्हाला कोणाच्या तोंडाकडे पाहावं लागणार नाही.

नव्वदच्या दशकात अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या मेयो क्लिनिकमध्ये डॉ. पॅट्रिक कामत आणि त्यांचे सहकारी एका वेगळ्याच प्रश्नावर काम करत होते. सिरॉसिसमध्ये यकृत कडक होतं, त्यातून रक्त सहज जात नाही, आणि मागच्या शिरांमध्ये दाब साठतो. अन्ननलिकेतल्या शिरा फुगून फुटतात, रक्ताच्या उलट्या होतात, पोटात पाणी भरतं. हा दाब उतरवायला ‘टिप्स’ नावाची प्रक्रिया करतात : मानेतल्या शिरेतून आत शिरून, यकृताच्या आतच दोन मोठ्या शिरांना जोडणारी जाळीची नळी बसवायची. दाब उतरतो. पण काही रुग्णांचं यकृत आधीच इतकं थकलेलं असतं की त्यातून वळवलेलं रक्त त्याला परवडत नाही, आणि ते रुग्ण पुढच्या काही आठवड्यांत जातात. कोणाला ही नळी बसवू नये हे आधी ओळखता येईल का, एवढाच त्यांचा प्रश्न होता.

चार केंद्रांतल्या २३१ रुग्णांची माहिती त्यांनी तपासली. तीन महिन्यांत कोण वाचलं, कोण गेलं, आणि प्रक्रियेच्या आधीच्या कोणत्या गोष्टी त्याच्याशी जुळतात ते पाहिलं. चार गोष्टी उरल्या : बिलिरुबिन, आयएनआर, क्रिएटिनिन आणि आजाराचं कारण. मग हेच सूत्र त्यांनी नेदरलँड्समधल्या ७१ रुग्णांवर लावून पाहिलं, तिथेही ते टिकलं. ही गोष्ट २००० सालची. पुढच्याच वर्षी त्यांनी ते टिप्सच्या बाहेर काढलं. रुग्णालयात भरती असलेले रुग्ण, इटलीतले ओपीडीत येणारे रुग्ण, पित्तनलिकांच्या आजारातून सिरॉसिस झालेले रुग्ण, आणि ऐंशीच्या दशकातल्या जुन्या नोंदींतले हजाराहून अधिक रुग्ण, सगळ्यांवर त्यांनी सूत्र घासून पाहिलं. ‘मेल्ड’ म्हणजे ‘मॉडेल फॉर एंड-स्टेज लिव्हर डिसीज’. त्यातला पहिला शब्द आधी ‘मेयो’ होता. सूत्र सगळीकडे चालतंय म्हटल्यावर त्याच्या जागी ‘मॉडेल’ आला.

त्या कामातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. आजाराचं कारण सूत्रातून काढून टाकलं तरी अंदाजात फारसा फरक पडत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी ते काढून टाकलं. म्हणजे यकृत दारूने गेलं, हेपॅटायटिस बी ने गेलं की साखरेने गेलं, आकडा तोच. सूत्राच्या शेवटी जी ६.४३ ही कायमची बेरीज आहे, ती त्या काढून टाकलेल्या भेदाची खूण. आमच्याकडे येणाऱ्या कित्येक घरांना आधी ‘आम्ही पीत नाही हो डॉक्टर’ हे सांगायची घाई असते, इतकी या आजाराची लाज चिकटलेली आहे. तुमच्या पत्रातही ते दुसऱ्याच ओळीत आहे. या सूत्राला तो प्रश्नच पडत नाही, आणि ते योग्य आहे.

याच सुमारास अमेरिकेत यकृताच्या रांगेवरून मोठा वाद चालू होता. मेंदूमृत दात्याचं यकृत कोणाला द्यायचं हे तेव्हा चाइल्ड-पग या जुन्या वर्गवारीवर आणि किती दिवस रांगेत आहात यावर ठरायचं. चाइल्ड-पगमध्ये पाच गोष्टी असतात, त्यांतल्या दोन डॉक्टरांच्या नजरेवर : पोटात पाणी ‘थोडं’ की ‘बरंच’, गुंगी ‘सौम्य’ की ‘जास्त’. एकाचं थोडं ते दुसऱ्याचं बरंच. शिवाय रांगेतल्या दिवसांना किंमत असल्यामुळे लोक बरे असतानाच नाव घालून ठेवत, आणि जो अचानक खालावला तो मागे राही. १९९९ साली तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने स्पष्ट सांगितलं की बहुतेक रुग्णांच्या बाबतीत वाट पाहण्याचे दिवस आणि मरणाचा धोका यांचा मेळ बसत नाही. तेव्हा हाताशी असलेलं, रक्ताच्या तीन तपासण्यांवर चालणारं, ज्यात कोणाला हात घालता येत नाही असं सूत्र एकच होतं. २७ फेब्रुवारी २००२ पासून अमेरिकेची यकृताची रांग मेल्डवर लागली. पहिल्याच वर्षी रांगेत नव्याने नाव घालणाऱ्यांची संख्या सुमारे १२ टक्क्यांनी घटली, कारण बरे असताना नाव घालून ठेवण्यात काही अर्थ उरला नव्हता.

आता लक्षात घ्या. मेल्ड एकाच प्रश्नाचं उत्तर देतो : तीन महिन्यांत जाण्याचा धोका या रुग्णाला जास्त की त्या रुग्णाला? अमेरिकेच्या रांगेतल्या ३,४३७ रुग्णांवर हे तपासलं गेलं. ज्यांचा मेल्ड ९ पेक्षा कमी होता त्यांच्यातले तीन महिन्यांत १.९ टक्के गेले. ज्यांचा ४० किंवा त्याहून जास्त होता त्यांच्यातले ७१.३ टक्के. रांग लावायला याहून चांगलं हत्यार तेव्हा नव्हतं. पण ‘माझ्या आईचं पुढचं वर्ष कसं जाईल, ती स्वयंपाकघरात उभी राहू शकेल का, ऑपरेशन कधी केलं तर तिला सोसेल’ हे प्रश्न त्या सूत्राला कधी विचारलेच गेले नव्हते.

तुमच्या आईंचा हिशेब मांडून दाखवतो. बिलिरुबिन, आयएनआर आणि क्रिएटिनिन यांचे नैसर्गिक लॉगॅरिदम घ्यायचे, त्यांना अनुक्रमे ३.७८, ११.२ आणि ९.५७ ने गुणायचं, बेरीज करायची, त्यात ६.४३ मिळवायचे. बिलिरुबिन ३ चे साधारण ४.२ येतात. आयएनआर १.७ चे ५.९. क्रिएटिनिन १ चा लॉगॅरिदम शून्य, म्हणून त्याचं काहीच नाही. एकूण १६.५, म्हणजे १७. पहिल्या डॉक्टरांचा आकडा बरोबर आहे.

पण समजा लघवीच्या गोळ्या थोड्या जास्त झाल्या, दोन दिवस जुलाब झाले, आणि क्रिएटिनिन १.० वरून १.६ वर गेलं. बाकी सगळं जसंच्या तसं. आकडा थेट २१. यकृत आठवड्याभरात चार अंकांनी बिघडलं असं नाही, मूत्रपिंडाला पाणी कमी पडलं. गोळ्या थांबवून अल्ब्युमिन दिलं की आकडा पुन्हा उतरेल. आयएनआरचंही असंच होतं. कावीळ लांबली की आतड्यातून व्हिटॅमिन के नीट शोषलं जात नाही, आयएनआर वर जातो. तीन दिवस इंजेक्शन दिलं की काही रुग्णांत तो खाली येतो. शिवाय आयएनआर ही तपासणी मुळात रक्त पातळ करण्याची गोळी घेणाऱ्यांसाठी जुळवलेली. यकृताच्या रुग्णात एका लॅबचा आयएनआर आणि दुसऱ्या लॅबचा आयएनआर यांत चांगलाच फरक पडू शकतो. म्हणून माझं सांगणं : तपासणी शक्यतो एकाच लॅबमध्ये करा आणि एका आकड्यावर जीव टांगू नका. सहा महिन्यांचे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावा. आकडा कोणत्या बाजूला चाललाय ते त्यातून दिसेल.

आता तुमच्या रिपोर्टमधली जी ओळ मला सगळ्यात जास्त टोचली ती सांगतो. सोडियम १२८.

मूळ मेल्डमध्ये सोडियम नाही. पण ज्याच्या पोटात पाणी भरतंय त्याचं सोडियम उतरायला लागलं, की शरीर पाणी धरून ठेवतंय, रक्ताभिसरण कोलमडायला लागलंय आणि मूत्रपिंडाची पाळी जवळ आलीय असं समजायचं. हे आम्ही ओपीडीत बघत होतोच; २००८ साली मेयो क्लिनिकमधल्याच डॉ. डब्ल्यू. रे किम यांच्या गटाने अमेरिकेच्या संपूर्ण रांगेची माहिती घेऊन ते सिद्ध केलं. सोडियम धरून रांग लावली असती तर रांगेतले सुमारे ७ टक्के मृत्यू टळू शकले असते, असा त्यांचा हिशेब होता. अमेरिकेत २०१६ पासून सोडियम धरलं जातं. त्या सूत्राने तुमच्या आईंचा आकडा १७ नव्हे, २३-२४ येतो. एका तपासणीने सहा-सात अंक! आणि ती तपासणी तुमच्या त्याच कागदावर, दोन ओळी खाली छापलेली आहे.

अजून एक सुधारणा झाली, ती तुमच्या आईंसाठी महत्त्वाची. क्रिएटिनिन स्नायूंपासून तयार होतं. बायकांचे स्नायू पुरुषांपेक्षा कमी, त्यामुळे मूत्रपिंड तेवढंच बिघडलं तरी बाईचं क्रिएटिनिन कमी दिसतं. परिणाम असा की वर्षानुवर्षं बायका रांगेत मागे राहिल्या आणि रांगेतच जास्त संख्येने गेल्या. सूत्राने कोणाशी मुद्दाम भेद केला नव्हता, पण ज्या मोजमापावर ते उभं होतं ते मोजमापच सारखं नव्हतं. किम यांच्याच गटाने २०२१ मध्ये ‘मेल्ड ३.०’ मांडलं : बाईला १.३३ अंक जास्त, सोबतीला अल्ब्युमिन, आणि क्रिएटिनिनची वरची मर्यादा ४ ऐवजी ३. २०२३ च्या जुलैपासून अमेरिकेत ते लागू आहे. त्याने तुमच्या आईंचा आकडा २४ येतो.

म्हणजे तेच रक्त, तोच दिवस, तीच बाई. २००२ च्या सूत्राने १७, आजच्या सूत्राने २४. पहिल्या डॉक्टरांनी चूक केली असं मी म्हणणार नाही. फोनमधल्या कॅल्क्युलेटरवर जुनं सूत्र आजही वर येतं आणि गर्दीच्या ओपीडीत तेच भरलं जातं. तुम्ही पुढच्या वेळी ‘सोडियम धरून किती?’ एवढंच विचारा.

१७ वर ‘वेळ आहे’ असं का म्हणतात, तेही सांगायला हवं, कारण त्यामागे पक्का अभ्यास आहे. २००५ साली अमेरिकेतल्या १२,९९६ रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रत्यारोपण झालेले आणि रांगेत थांबलेले यांची तुलना होती. मेल्ड १८ ते २० असताना प्रत्यारोपणाने मृत्यूचा धोका ३८ टक्क्यांनी कमी झाला, ४० ला तर ९६ टक्क्यांनी. पण १५ च्या खाली उलटंच चित्र होतं : पहिल्या वर्षी थांबणाऱ्यांपेक्षा ऑपरेशन झालेलेच जास्त गेले. तेव्हापासून १५ ही रेघ सगळ्यांच्या डोक्यात बसली. रेघ चुकीची नाही. पण ती मृत दात्याच्या यकृताची, सरासरी रुग्णाची, आणि सोडियम न धरलेल्या मेल्डची रेघ आहे.

मेल्डला जे दिसतच नाही, ते मी रुग्ण खोलीत शिरताना पाहतो. कानशिलं आत गेलीत का. पोट पुढे आणि खांदे हाडकुळे असं झालंय का. बायकांच्या बाबतीत माझी एक जुनी खूण आहे : हात वर करायला सांगायचा. बांगड्या मनगटावरून घसरून कोपरापर्यंत गेल्या, तर घरच्यांना विचारायचं की या बांगड्या वर्षापूर्वी कशा बसत होत्या. वजनकाट्यावर काही कळत नाही, कारण गेलेल्या स्नायूंची जागा पाण्याने भरलेली असते. मग दोन्ही हात पुढे करून पंजे मागे वळवून धरायला सांगतो. यकृताने बाहेर न टाकलेला अमोनिया रक्तात चढलेला असेल तर पंजे फडफडतात. आणि मुलाला बाजूला घेऊन विचारतो : आई रात्री जागते आणि दिवसा झोपते का, आमटीत मीठ दोनदा घातलं का, रोजच्या पैशांचा हिशेब चुकायला लागला का. यातलं काहीही रक्ताच्या कागदावर येत नाही.

एक बाई अजून डोळ्यांपुढे आहेत. मेल्ड १४. दर पंधरा दिवसांनी पाणी काढायला यायच्या. मुलगी दाता म्हणून तयार होती. आम्ही सगळ्यांनी, त्यात मीही होतो, आकडा बघून ‘अजून थोडं थांबू’ म्हटलं. एका पावसाळ्यात ताप आणि पोटदुखी घेऊन आल्या. पोटातल्या पाण्यात जंतू झाले होते. तीन दिवसांत मूत्रपिंड गेलं. आकडा ३५ च्या वर गेला तेव्हा त्या व्हेंटिलेटरवर होत्या आणि ऑपरेशन सोसण्याच्या पलीकडे गेल्या होत्या. तेव्हापासून वारंवार पाणी काढावं लागणाऱ्या रुग्णाला मी आकड्यावरून ‘थांबा’ म्हणत नाही. तुमच्या आईंचं चार महिन्यांत दोनदा झालंय. पुढच्या वेळी पाणी काढतील तेव्हा त्यातल्या पेशी मोजायला सांगा, दरवेळी. आणि पाच लिटरपेक्षा जास्त काढलं तर त्यासोबत अल्ब्युमिनची बाटली लावली जातेय ना, हे बघा.

यकृतातल्या गाठीचंही एका वाक्यात सांगतो : सिरॉसिसच्या प्रत्येक रुग्णाची दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी व्हायलाच हवी, कारण कर्करोगाची छोटी गाठ मेल्ड बदलत नाही, पण उपचाराची सगळी दिशा बदलते.

आता आपल्याकडचा मुद्दा. मेल्ड रांगेसाठी जन्मला. अमेरिकेत बहुतेक यकृतं मृत दात्यांची असतात, म्हणून रांग आणि म्हणून सूत्र. भारतात उलट आहे. आपल्याकडची बहुतेक प्रत्यारोपणं जिवंत नातेवाइकाच्या यकृताच्या भागावर होतात. घरातला दाता असतो तेव्हा रांग नसते. तुमची आई कोणाच्या पुढे नाही आणि मागेही नाही. मग ‘आधी कोण’ हा प्रश्नच उरत नाही, ‘कधी’ एवढाच उरतो, आणि ‘कधी’ हे आपण निवडू शकतो ही जिवंत दात्याची सगळ्यात मोठी सवलत आहे. जंतुसंसर्ग नसताना, मूत्रपिंड चालू असताना, अंगात थोडी ताकद असताना ऑपरेशन करता येतं. ही सवलत घेऊन आकडा ३० ला जाण्याची वाट पाहणं मला कधीच पटलं नाही. आणि दात्याच्या तपासण्यांना तीन-चार आठवडे सहज जातात; ते आणीबाणीत पुरत नाहीत.

सोबत मृत दात्याच्या यादीतही नाव घाला. हे नाव प्रत्यारोपणाची परवानगी असलेल्या रुग्णालयामार्फतच लागतं, आणि तुमच्या भागाची यादी पुण्याची विभागीय प्रत्यारोपण समन्वय समिती सांभाळते. तिथल्या समन्वयकांशी स्वतः बोला. आपल्याकडे अवयवदानाचा कायदा १९९४ चा. महाराष्ट्र आणि गोवा ही तो सुरुवातीलाच, १९९५ च्या फेब्रुवारीत लागू झालेल्या राज्यांपैकी आहेत. तरी यादी लांब आणि दाते थोडे, ही आजची वस्तुस्थिती आहे.

दाता कोण, हे तुम्ही पत्रात अडखळत विचारलंय. तुम्ही स्वतः तयार आहात, बायकोही तयार आहे, आणि आई दोघांनाही नाही म्हणतेय. कायद्याने पती-पत्नी, मुलं, आई-वडील, भावंडं आणि २०११ च्या दुरुस्तीनंतर आजी-आजोबा व नातवंडं हे जवळचे नातेवाईक. सून त्यात येत नाही. तिचं प्रकरण परवानगी देणाऱ्या प्राधिकार समितीपुढे जातं, वेळ जास्त लागतो आणि तिच्यावर कोणाचा दबाव नाही ना याची कसून चौकशी होते. ती व्हायलाच हवी. दात्यांच्या खुर्चीत मी बायकोला, आईला, बहिणीला इतक्या वेळा बसलेलं पाहिलंय, आणि भावांना इतक्या कमी वेळा, की मुलगा पुढे आला की मी आधी त्याच्याच तपासण्या करतो.

तुमच्यासाठी पहिल्या पायरीला रक्तगट, यकृताच्या साध्या तपासण्या आणि सोनोग्राफी पुरे. आईला मधुमेह आणि फॅटी लिव्हर आहे, तेव्हा तुमच्याही यकृतात चरबी असण्याची शक्यता चांगलीच आहे. असली तर निराश होऊ नका. दोन-तीन महिन्यांत नेटाने वजन उतरवून दाता झालेले कित्येक आहेत. चरबी ठीक असेल तर सीटी स्कॅनवर यकृताचं आकारमान मोजतात. हिशेब असा की रुग्णाच्या वजनाच्या ०.८ टक्के तरी यकृत मिळायला हवं आणि दात्याकडे स्वतःच्या यकृताचा ३० ते ३५ टक्के भाग राहायला हवा. पाणी वजा करून आईंचं वजन ५५ किलो धरलं तर त्यांना ४४० ग्रॅम लागेल. लहान चणीच्या बाईला कधी कधी डावा भागही पुरतो, आणि दात्यासाठी ते जास्त सुरक्षित. उजवा भाग द्यावा लागला तर दात्याच्या मृत्यूचा धोका ०.२ ते ०.५ टक्के सांगितला जातो. तो शून्य नाही. हे वाक्य तुम्ही आणि तुमच्या पत्नीने एकत्र बसून, सर्जनच्या तोंडून ऐकायला हवं. उरलेलं यकृत दोन-तीन महिन्यांत बरंचसं भरून येतं, पण जड काम तेवढे महिने बंद. शेतीचं काम असेल तर हंगाम बघून ठरवा, हे मी मनापासून सांगतो.

खर्चाचं रुग्णालयातल्या समाजसेवा विभागाशी पहिल्याच भेटीत बोला. मुख्यमंत्री सहायता निधी, पंतप्रधान राष्ट्रीय सहायता निधी आणि मोठ्या देवस्थानांचे न्यास मदत करतात, पण कागद जमवायला दिवस जातात.

तोवर घरात काय करायचं, हे औषधाइतकंच महत्त्वाचं आहे. आईंचे उपवास बंद करा. संकष्टी, एकादशी, नवरात्र, सगळे. सिरॉसिसमध्ये यकृतात साठा नसतो. रात्रभराच्या उपाशीपोटी शरीर स्नायू जाळायला लागतं. रात्री झोपताना काहीतरी खायलाच हवं : दुधातली नाचणीची खीर, दोन पोळ्या आणि दही, मूठभर शेंगदाणे. साखर सांभाळून, पण उपाशी नाही. प्रथिनं बंद करा असं कोणी सांगितलं असेल तर ते जुनं झालं, किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम रोज लागतात. डाळ, मूग, पनीर, खात असतील तर अंडी. मीठ मात्र कमी : पापड, लोणचं, फरसाण घरातून बाहेर. लॅक्ट्युलोज हे पोट साफ ठेवणारं औषध अशा मापाने की दिवसाला दोन-तीन वेळा मऊ शौचाला होईल. त्यापेक्षा जास्त झालं तर मघाशी सांगितलेलं क्रिएटिनिन वर जातं. गुडघे दुखले म्हणून दुकानातून डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन आणू नका. आणि लिव्हरसाठी म्हणून कोणी काढा, गुळवेल सुचवला तर हात जोडून नाही म्हणा : २०२१ साली मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती.

राहिलं आईंचं ‘नको’. पोराच्या पोटाला टाके घालून मला जगायचं नाही, असं त्या म्हणतात, हे तुम्ही लिहिलंय. प्रत्येक आई हेच म्हणते. तिची समजूत घालायला नातेवाइकांची बैठक बोलावू नका. प्रत्यारोपण केंद्रातल्या समन्वयकांना सांगा की ऑपरेशन होऊन दोन-तीन वर्षं झालेल्या, त्यांच्याच वयाच्या एखाद्या बाईंशी भेट घालून द्या, आणि त्या बाईंना यकृत दिलेल्या मुलालाही बोलवा. त्याने शर्ट वर करून व्रण दाखवावा. दोघी आयांना खोलीत अर्धा तास एकट्या सोडा. त्यानंतरही त्या नाही म्हणाल्या तर तो त्यांचा निर्णय आहे, आणि त्यांना बरं वाटावं म्हणून जे जे करता येतं ते सगळं आम्ही करत राहू. पण आत्ता त्यांचं ‘नको’ ऑपरेशनला आहे की तुमच्या टाक्यांना, हे अजून कोणी त्यांना विचारलेलं दिसत नाही.